मागच्या खोलीत भरलेल्या गोळ्या

१२ फेब्रुवारी

“उभं राहून नेम कुणीही धरतं. तू चालता चालता धर.” हे मला सासऱ्यांनी लग्नानंतर दोन महिन्यांनी सांगितलं होतं. मी क्लबवर त्यांचा घरी राहिलेला चष्मा द्यायला गेले होते, पिस्तूल चालवायला नव्हे. त्यांनी चष्मा घेतला, माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघितलं आणि कानांवर लावायची ती मोठी झाकणं माझ्या डोक्यावर चढवली. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, नव्या सुनेला लोक दागिने दाखवतात, तुम्ही काय दाखवून आणलंत. सासूबाई आता नाहीत. मी मात्र अजून चालता चालता नेम धरतेच आहे.

आज ते वाक्य आठवलं, कारण दुपारी क्लबच्या सचिवांचा फोन आला. परदेशातल्या स्पर्धेत माझी जागा पक्की झाली. फोन वाजला तेव्हा सलूनमधल्या खिडकीकडच्या खुर्चीत बसलेल्या बाईंच्या डोक्याला अर्धा रंग लागला होता. बोलून परत येईपर्यंत तो अर्धा जरा जास्तच मुरला. त्यांना मी म्हटलं, तुमच्या डोक्यावर आज ऊन-सावली आहे, पैसे नकोत. त्या आरशात बघून म्हणाल्या, राहू दे, नवरा निदान दोन बाजूंनी बघेल.

गिऱ्हाइकांना मी हा खेळ असा समजावते: मैदानात लाकडी भिंती, दारं, खिडक्या उभ्या केलेल्या असतात. त्यांच्या आडून पुठ्ठ्याची आणि लोखंडी पाट्यांची लक्ष्यं दिसतात. शिट्टी झाली की पळायचं, दिसेल तिथे नेम धरायचा, पुन्हा पळायचं. जितके गुण मिळतील त्यांना लागलेल्या वेळेने भागायचं. म्हणजे नुसता नेम चांगला असून भागत नाही आणि नुसतं पळून तर मुळीच नाही. एक बाई म्हणाल्या होत्या, अगं, हे तर घर चालवण्यासारखंच झालं.

जेवताना बातमी सांगितली. नवरा म्हणाला, “आता परदेशातही लोक तुला घाबरणार म्हण.” बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सूप दुसऱ्यांदा घेतलं. आनंद झाल्याची त्यांची एवढीच खूण असते.

मग विषय निघायचा तो निघालाच. माझी काडतुसं बाबा मागच्या खोलीत भरतात. वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, त्यांत दारू मोजून घालायची, वर गोळी ठेवायची आणि हातयंत्राचा दांडा खाली ओढायचा. परवाना आहे, कपाटाला कुलूप आहे, क्लबातले निम्मे लोक हेच करतात. “आमचे वडील निवृत्त झाल्यापासून घरी बसून दारू मोजतात,” हा नवऱ्याचा जुना विनोद. गेला महिनाभर त्याने तो केलेला नाही. बाबांनी किटली जाळली, त्यानंतर एकदा शेजारच्यांचं दार आपलं समजून उघडायला गेले. ऐंशीला आले आहेत. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दोर तुटायच्या आधी बदलायचा असतो, असं मानणारा माणूस. आज तेच म्हणाला, दोर तुटायची वाट मी बघत नाही. बाबा म्हणाले, “दोराला विचारलंस का?”

शेवटी तह झाला. या स्पर्धेच्या गोळ्या बाबाच भरणार. सगळं नीट पार पडलं तर नवरा पुन्हा तोंड उघडणार नाही. गोळ्यांमुळे कुठेही अडलं, तर यंत्र टेबलावरून काढायचं आणि क्लबला देऊन टाकायचं. बाबांनी मान डोलावली. त्यांना मान डोलावताना बघवलं नाही, म्हणून मी ताटं उचलली.

१९ फेब्रुवारी

उजवं मनगट दुखतंय. फार नाही. दिवसभर कात्री, ड्रायर, पुन्हा कात्री, आणि संध्याकाळी क्लबवर पिस्तूल. पिस्तुलाचा झटका मनगटातून वर जातो तेव्हा आतून कुणीतरी चिमटा काढल्यासारखं होतं. सलूनमध्ये लांब बाहीच्या आत पट्टा बांधते, घरी यायच्या आधी काढते. कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो मला डॉक्टरकडे नेईल आणि डॉक्टर सांगतील, हात वापरू नका. स्पर्धा झाल्यावर जाईन, तोवर कुणाला कळायचं कारण नाही. घरात मी अगदी नेहमीसारखी वागते, फक्त किटली डाव्या हाताने उचलते.

झोपायच्या आधी न्हाणीघरात दार लावून बर्फ लावते. बर्फाचे साचे रोज भरलेले मिळतात. नवऱ्याला उन्हाळ्याच्या आधीच थंड कॉफीची हौस आलेली दिसते.

२३ फेब्रुवारी

आज सुट्टी. बाबांचे केस कापले. महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवते, गळ्याभोवती जुनी चादर बांधते. त्यांची मान आता इतकी बारीक झाली आहे की कॉलरमध्ये बोट जातं. नेहमी ते केस कापताना डुलक्या काढतात. आज जागे होते. मध्येच म्हणाले, “आज कात्री जड दिसते.”

मी म्हटलं, नवी आहे, अजून हाताला बसायची आहे.

“हं,” म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, नवं हत्यार असलं की आधी हाताला जपावं, हत्यार काय, दुसरं मिळतं. कारखान्यात आयुष्यभर साचे घडवले, त्यामुळे कात्री काय, चमचा काय, त्यांना सगळं हत्यारच. मी हो हो म्हटलं आणि कानामागचे केस नीट केले.

संध्याकाळी ते मागच्या खोलीत गेले ते जेवायलाच आले. भरून ठेवलेल्या डब्यांतलीही काडतुसं पुन्हा उघडून बसले होते म्हणे. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. माणूस एकच काम दोनदा करायला लागला की काय समजायचं, ते सांगावं लागत नाही.

२ मार्च

आज सराव इतका छान झाला की गाडीत एकटीच गुणगुणत होते. झटका जवळजवळ जाणवलाच नाही. पिस्तूल हातात असं बसून राहिलं जसं मांडीवर मांजर. दुसरा नेम पहिल्याच्या पाठोपाठ. गेले काही आठवडे रबरी चेंडू दाबून पकड घट्ट करतेय, त्याचा हा गुण. सचिव म्हणाले, बाई, तुम्ही तर लोणी कापल्यासारखं मारताय.

एक गंमत झाली. शेवटची लोखंडी पाटी लागल्यावर लगेच पडली नाही. जरा विचार करून पडली. मी म्हटलं, बिजागरांना तेल द्या. सचिव म्हणाले, कालच दिलंय. मग पुन्हा द्या, म्हटलं.

घरी आल्यावर बाबांनी दारातच विचारलं, आज झटका कसा होता? मी म्हटलं, बाबा, झटका राहिलाच नाही, मी सुधारले. ते हसले आणि म्हणाले, सराव, दुसरं काय. रात्रीच्या जेवणात सूप दुसऱ्यांदा.

१४ मार्च

बॅग भरली. पिस्तुलाची पेटी वेगळी, काडतुसांची वेगळी, दोन्हींना कुलपं, दोन्हींचे परवाने. बाबांनी काडतुसं डब्यात अशी लावून दिली की प्रत्येक पुंगळीची टोपी एका रेषेत. आम्ही स्वयंपाकघरात बसलो असताना त्यांनी विचारलं, तिकडे काय काय तपासतात? संयोजकांनी पाठवलेली नियमांची पानं टेबलावरच पडली होती. मी त्यांतली फक्त मैदानांची चित्रं बघितली आहेत, कुठून पळायचं आणि कुठे वळायचं. मी म्हटलं, तपासायचं काय, पिस्तूल, पट्टा आणि म्यान. ते म्हणाले, “एवढंच ना?” एवढंच, म्हटलं.

आज घरातल्या बोळात रिकाम्या हातांनी शेवटचा सराव केला. बोटाचं पिस्तूल करून न्हाणीघरापासून बैठकीपर्यंत पळायचं, वळायचं. नवरा धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन मध्ये आला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. कपडे पुन्हा धुवावे लागले.

२० मार्च

पोचले. विमानतळावरच्या माणसाने पेटी उघडायला लावली, माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं आणि विचारलं, हे तुमचंच? मी व्यवसाय सांगितला, केस कापते. त्याने आपल्या टकलावरून हात फिरवला आणि शिक्का मारला.

हॉटेलची खोली लहान आणि स्वच्छ आहे. कपाटाच्या आरशासमोर बोटाने नेम धरून वळत होते, तेवढ्यात टॉवेल द्यायला बाई आली. तिने टॉवेल दारातच ठेवले.

मैदान बघून आले. उद्यापासून स्पर्धा. आज सगळ्यांना मोकळ्या हाताने फिरून आपापला मार्ग ठरवायला दिला होता. आपल्याहून दुप्पट आकाराची माणसं, पोटं सुटलेली, केस पांढरे झालेले, लाकडी भिंतींमधून बोटं रोखून चोरपावलांनी फिरत होती, ओठांत गोळ्या मोजत. मोठ्या माणसांना असं खेळायला कुठे मिळतं? मला माझ्या गटात एक धिप्पाड नळदुरुस्तीवाला मिळाला आहे. मी बोटाने खिडकीतून तीन लक्ष्यं टिपली, तर त्याने हाताने खूण केली की चौथं दाराच्या मागे आहे, बघ. प्रतिस्पर्ध्याला विसरलेलं लक्ष्य दाखवायचं, ही इथली रीत. मला फार आवडली. आपल्या क्लबात दाखवतात, पण डबा खाऊन झाल्यावर.

थंडी बरीच आहे. बोटं खिशात ठेवावी लागतात.

२१ मार्च

आज सकाळी पहिल्याच मैदानानंतर आम्हाला एका टेबलाकडे नेलं. गोळीचा वेग मोजायचं टेबल. मी पहिल्यांदाच पाहिलं. आपल्याकडे कुणी मोजत नाही. नळवाल्याने समजावलं. हलकी भरलेली गोळी हाताला सोपी जाते, पिस्तूल उडत नाही, दुसरा नेम पटकन बसतो. म्हणून किमान ताकद ठरलेली असते, नाहीतर सगळेच लबाडी करतील. मी मान हलवली. लबाडीचा आपला काय संबंध?

टेबलावर पांढऱ्या वेणीची एक पंच बाई होती. तिने माझ्या कमरेच्या पट्ट्यावरची काही काडतुसं स्वतः निवडली. एक उघडून गोळी तोलली. मग माझ्याच पिस्तुलातून तीन झाडल्या. यंत्रावर आकडे आले. तिने ओठ मुडपले. आणखी तीन झाडल्या. मग मला जवळ बोलावून आकडे दाखवले. सगळे कमी होते. फार नाही, पण कमी.

नियम असा की मी स्पर्धा खेळू शकते, सगळी मैदानं, शेवटपर्यंत. फक्त माझं काहीही मोजलं जाणार नाही. नावापुढे शून्य.

मी तिला विचारलं, पुन्हा बघता येईल का? तिने मान हलवली, अगदी हळू, वाईट बातमी देतात तशी. मग तिने ते आकडे पुन्हा बघितले आणि आमच्या मोडक्यातोडक्या बोलण्यातून मला विचारलं की या कुणी भरल्या. सासऱ्यांनी, म्हटलं. ती म्हणाली, “त्यांचा हात घड्याळासारखा आहे. फक्त घड्याळ मागे लावलंय.”

सांत्वनच असणार. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले आणि पाणी इतकं थंड होतं की रडणं पुढे चाललं नाही. राग कुणाचा आला तेही लिहून ठेवते. बाबांचा. नवऱ्याचं बरोबर होतं. नजर गेली आहे त्यांची, काटा नीट दिसत नाही, आणि मी लाडाने डोळे झाकले. आता यंत्र जाणार. मी इथे शून्य घेऊन उभी, आणि ते तिथे मोकळ्या टेबलासमोर बसणार. सकाळी उठून काय करतील ते?

दुपारी खेळले. कशी, ते आठवत नाही. लोखंडी पाट्या इथेही विचार करून पडल्या.

२२ मार्च

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. नजर गेलेल्या माणसाने भरलेल्या गोळ्या कमी-जास्त हव्यात. एक जोरात, एक हळू. या सगळ्या सारख्याच होत्या. त्या बाईने आकडे पुन्हा बघितले ते म्हणूनच.

जेवणाच्या सुट्टीत नळवाल्याने त्याची मूठभर काडतुसं पुढे केली. स्पर्धेत आता काय फरक पडतो, पण सरावाच्या पट्टीवर झाडून बघ, तुझ्या पिस्तुलाचा दोष नाही ना ते कळेल. मी गेले. पहिल्याच गोळीला मनगटातून कोपरापर्यंत वीज गेली. पिस्तूल ठेवून हात धरून उभी राहिले. हा झटका माझ्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं मी अशाच गोळ्या झाडल्या. मधल्या दिवसांतच विसरले होते.

मी सुधारले नव्हते. रबरी चेंडूचा काही संबंध नव्हता. “आज कात्री जड दिसते,” असं म्हणून त्या संध्याकाळी ते मागच्या खोलीत गेले होते आणि भरलेली काडतुसं एकेक उघडून पुन्हा हलकी भरत बसले होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून समजून घेतलं होतं की म्हातारपण आलं.

आणि त्यांनी विचारलं होतं, तिकडे काय काय तपासतात. टेबलावरची पानं न उचलता उत्तर मी दिलं होतं.

नळवाला घाबरला. फार लागलं का, म्हणाला. मी हसत होते, ते त्याला कळेना. त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, त्याच्या सासऱ्याने त्याला आजवर फक्त सल्ले दिले.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. त्याने काल रात्रीपासून निकालाचं पान उघडून ठेवलं होतं म्हणे. “तुझ्या नावापुढे शून्य का आहे? बरी आहेस ना?”

सांगितलं. टेबल, आकडे, झटका, मनगट, सगळं.  मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगत नव्हतो का? तो म्हणाला, “बाबांना कळलं होतं तुझ्या मनगटाचं.”

“हो.”

“मला नाही कळलं.”

मी म्हटलं, अरे, मी लपवलंच होतं. त्यावर तो म्हणाला, “त्यांच्यापासूनही लपवलंच होतंस ना.”

 मी म्हटलं, बाबांना यातलं काही सांगू नकोस, मी येऊन बोलते. तो म्हणाला, ते इथेच आहेत, मागे, दारात. मी त्यांना फोन द्यायला सांगितला. नुसता पावलांचा आवाज आला, लांब जाणारा.

२४ मार्च

स्पर्धा संपली. काल आणि आज मी बाबांच्याच गोळ्या झाडल्या. मोजायचंच नव्हतं तर नळवाल्याच्या कशाला? आणि खरं सांगायचं तर असं खेळले जसं पूर्वी कधी खेळले नव्हते. हिशेबच नाही म्हटल्यावर पायांना कुणीतरी सुट्टी दिल्यासारखं झालं. शेवटच्या मैदानात एक लांब धाव होती, टोकाला खिडकी, खिडकीत दोन पुठ्ठे आणि त्यांच्या मध्ये एक पांढरा, ज्याला लागलं तर गुण कापतात. धावता धावता गोळ्यांचं मॅगझिन बदललं, खिडकीशी थांबले नाही, वळता वळताच दोन्ही टिपले. पांढरा तसाच कोरा. वेळ सांगणाऱ्या पंचाने भुवया वर केल्या आणि मग, आठवून, खाली केल्या.

बाकीचा वेळ गटाबरोबर पुठ्ठ्यांवरची भोकं बुजवत फिरले. प्रत्येकाचा खेळ झाला की सगळ्यांनी मिळून चिकटपट्टीचे तुकडे लावायचे असतात, पुढच्याला कोरं लक्ष्य मिळावं म्हणून. डाव्या हाताने छान जमतं. कुणाच्या गोळ्या कुठे लागल्या, ते बोटांखाली कळतं. नळवाल्याच्या सगळ्या उजवीकडे. त्याला सांगितलं तर म्हणाला, त्याची बायकोही हेच म्हणते.

निरोप घेताना तो म्हणाला, “माझी सगळ्यात आवडती प्रतिस्पर्धी तू. तुझ्यामुळे मी शेवटचा आलो नाही.”

त्याचे केस मी हॉटेलच्या अंगणात कापून दिले. फार बिघडलेले होते, बघवत नव्हतं.

२६ मार्च

घरी आले. दार नवऱ्याने उघडलं, बॅग माझ्या हातातून घेतली, आणि मनगट दोन्ही हातांत धरून असं तपासलं जसं काही लिफ्टचा दोर. उद्या सकाळची डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती.

मागच्या खोलीत गेले. टेबल रिकामं. यंत्र सोडवून, तेल लावून, बाबांच्या जुन्या शर्टात गुंडाळून खोक्यात ठेवलं होतं. टेबलावर फक्त स्क्रूंची भोकं. नवरा म्हणाला, “त्या फोननंतर बाबा लगेच काढायला बसले. मी म्हटलं, राहू द्या. म्हणाले, ठरलं होतं. मी म्हटलं, मी ठरवलं होतं ना, मीच मोडतो. तर म्हणाले, असा मोडीत काढायचा असेल तर शब्द द्यायचाच कशाला?” हे सांगताना नवऱ्याचा चेहरा शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा झाला होता.

बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी बसले. त्यांनी आधी प्रवासाचं विचारलं. मग स्वतःच म्हणाले, “काटा चुकला माझा. वय झालं. दिसत नाही आता.”

आंधळं म्हणवून घ्यायला तयार, पण मुद्दाम कमी भरल्या ते कबूल करायला नाही. मी म्हटलं, बाबा, सहा गोळ्या मोजल्या, सहाही सारख्या होत्या. तिथली पंच म्हणाली, हात घड्याळासारखा आहे. न दिसणाऱ्याच्या गोळ्या सारख्या निघत नाहीत.

ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग एकदम विचारलं, “थंडी होती का तिकडे?”

खूप, म्हटलं.

“थंडीत वेग आणखी उतरतो,” ते पुटपुटले, “तेवढं धरायला हवं होतं.” आणि मग गप्प झाले, कारण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं.  आम्ही दोघं बराच वेळ ऊन खात बसलो. पराभूत होऊन आलेल्या माणसाला इतकं बरं वाटू नये, पण वाटत होतं.

३० मार्च

डॉक्टर बाईंनी मनगट फिरवून, दाबून बघितलं. काही तुटलेलं नाही. सहा आठवडे विश्रांती, मग व्यायाम, मग पिस्तूल. सुरुवातीला झटक्याने दुखेल, म्हणाल्या, पण त्याने बिघडणार नाही, दुखण्यातूनच ताकद परत येते. सलूनमध्ये मदतीला एक मुलगी ठेवली आहे. ती गिऱ्हाइकांशी माझ्यापेक्षा जास्त बोलते, तेवढाच त्रास.

आज सकाळी मागच्या खोलीतून ठोकाठोकी ऐकू आली. नवरा यंत्र परत टेबलावर बसवत होता. सगळी इमारत वर-खाली नेणारा माणूस, पण ते यंत्र त्याने तिरकं बसवलं. बाबा दारात येऊन बघून गेले. थोड्या वेळाने पुन्हा आले, पान्हा घेतला, एक बोल्ट सैल केला, यंत्र सरळ केलं, बोल्ट आवळला आणि पान्हा नवऱ्याच्या हातात देऊन अंगणात निघून गेले. नवरा मला म्हणाला, “हे भरणं नव्हे हं, नुसतं सरळ करणं. मी विचारलं तर नाहीच म्हणतील. तू विचारून बघ.”

मला माहीत आहे, मलाही नाहीच म्हणतील. शब्द दिला होता म्हणून नव्हे. त्यातून मार्ग काढता येईल. शब्द घेणारा स्वतःच पान्हा घेऊन बसला होता. ते नाही म्हणतील, कारण मी जे मागणार आहे ते त्यांच्या हाताला जमणारं नाही. कमी भरणं त्यांना जमलं. मनगटापुढे वेग, नियम, माझा खेळ सगळं मागे ठेवून जमलं. पूर्ण भरायला बसले की त्यांचा हात वजनाच्या काट्याशी थांबणार आणि त्यांना माझी डाव्या हाताने उचललेली किटली आठवणार. आणि विकतच्या गोळ्या मला नको आहेत. का, ते त्यांना सांगताही येणार नाही.

चहाचे दोन कप घेऊन अंगणात गेले. त्यांनी कप घेतला आणि माझ्या हाताकडे न बघितल्यासारखं करून बघितलं. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं:

“बाबा, पुढच्या वर्षी मला पुन्हा तिकडे जायचंय. माझ्या गोळ्या तुम्हीच भरा, पण पूर्ण भरा. दुखेल अशा भरून द्या.”